दातांची कीड आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

प्रतिनिधी

बोट कापले, गुडघा खरचटला, त्वचेवर फोड आला, तर चार-आठ दिवसांत शरीर आपले आपण ती जखम भरून काढते. दात किडला तर मात्र तो आपोआप बरा झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती दातापाशीच अशी हतबल का होते? रक्तातील पांढऱ्या पेशी आणि दातांची कीड यांचे नाते समजून घेतले, की या प्रश्नाचे उत्तर मिळते. दातदुखी अचानक थांबणे ही आनंदाची गोष्ट का नाही आणि केवळ गोळ्या घेऊन किडलेली दाढ बरी का होत नाही, याचाही उलगडा त्यातूनच होतो.

शरीराचे संरक्षक दल

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक घनमिलिमीटर रक्तात सर्वसाधारणपणे ४ हजार ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ४० ते ७० टक्के पेशी 'न्यूट्रोफिल' या प्रकारच्या असतात. जंतुसंसर्ग झालेल्या ठिकाणी सर्वप्रथम पोहोचणाऱ्या पेशी त्याच. अस्थिमज्जेत दररोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात आणि अल्प काळ जगून नष्ट होतात. त्यांच्या मागोमाग जंतू व मृत पेशी गिळून जागा साफ करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी येतात. प्रतिपिंडे तयार करणे आणि जंतूंची ओळख लक्षात ठेवणे ही कामे लिम्फोसाइट पेशींकडे असतात.

या पेशी जंतूंना अक्षरशः गिळंकृत करतात, हे प्रथम दाखवून दिले ते रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांनी. इटलीतील मेसिना येथे १८८२ साली तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी एक बारीक काटा टोचला. काही तासांनी पाहिले, तर त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. या संशोधनासाठी १९०८ साली त्यांना पॉल एर्लिच यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मेचनिकॉव्ह यांच्या प्रयोगातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. काटा जिवंत ऊतींत रुतला होता, म्हणूनच पेशी तेथवर पोहोचू शकल्या.

'कीड' नावाचा गैरसमज

मराठीत आपण दाताला 'कीड लागली' असे म्हणतो. दातात खरोखरच किडा शिरतो, ही समजूत जगातील अनेक संस्कृतींत होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ती फेटाळून लावली. पुढे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली या रोगाची खरी प्रक्रिया मांडली. तोंडातील जीवाणू अन्नातील साखर व पिष्ट पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताचा कठीण भाग विरघळवते, असे त्यांनी दाखवले. या जीवाणूंपैकी 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' या प्रमुख जीवाणूचे वर्णन १९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी केले.

जीवाणूंशिवाय कीड लागत नाही, याचा प्रयोगसिद्ध पुरावा १९५४ साली अमेरिकेत मिळाला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर असलेला आहार दिला, तरी त्यांचे दात किडले नाहीत. याचाच अर्थ साखर हे इंधन आहे आणि आग लावणारे जीवाणू आहेत. कीड लागण्यासाठी दोन्हींची गरज असते.

गोड खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच दातावरील जीवाणूंच्या थरातील आम्लता वाढते. तेथील सामू म्हणजेच 'पीएच' सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या पृष्ठभागावरील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू सौम्य करते, परंतु त्यासाठी अर्धा ते एक तास लागतो. म्हणूनच एकदा जेवणानंतर खाल्लेल्या मिठाईपेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने घेतलेला गोड चहा, बिस्किटे आणि चॉकलेट दातांना अधिक घातक ठरतात.

जेथे रक्तच पोहोचत नाही

दाताची रचना तीन थरांची असते. सर्वांत बाहेर एनॅमल, म्हणजेच दंतवल्क. त्याच्या आत दंतिन. सर्वांत आत मऊ गाभा. दंतवैद्य त्याला 'पल्प' म्हणतात. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू केवळ या गाभ्यात असतात.

एनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही आणि एकही जिवंत पेशी नाही. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नाहीशा होतात. त्यामुळे एनॅमलला खड्डा पडला तर तो भरून काढणारे कोणी उरलेले नसते. पांढऱ्या पेशी रक्तावाटे प्रवास करतात. जेथे रक्तच नाही, तेथे त्या जाणार कशा? कठीण असलेले एनॅमल संरक्षणाच्या दृष्टीने शरीराच्या बाहेरच उभे आहे, असे म्हटले तरी चालेल. वेदना होण्यासाठी लागणारे मज्जातंतूही तेथे नसल्याने कीड एनॅमलमध्ये असेपर्यंत दुखत नाही. शरीराला शत्रू आल्याची वार्ताच लागत नाही.

कीड दंतिनापर्यंत पोहोचली, की चित्र थोडे बदलते. दंतिनात गाभ्याच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या हजारोंच्या घरात असते. या नलिकांचा व्यास साधारणपणे एक ते अडीच मायक्रॉन भरतो. एका मायक्रॉनच्या आसपास आकार असलेले जीवाणू त्यांतून आत शिरू शकतात. न्यूट्रोफिल पेशीचा व्यास मात्र १२ ते १५ मायक्रॉन असतो. जीवाणूंना जी वाट मोकळी आहे, ती पांढऱ्या पेशीला फारच अरुंद ठरते.

म्हणून तोंडातील शरीराचा बचाव वेगळ्या मार्गांनी चालतो. लाळेतील 'आयजीए' ही प्रतिपिंडे जीवाणूंना चिकटतात आणि त्यांना दातावर बस्तान बसवण्यास अडथळा आणतात. ही प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी लिम्फोसाइट पेशींपासूनच तयार होतात. दात आणि हिरडी यांच्यामधील खाचेतून न्यूट्रोफिल पेशीही सतत तोंडात झिरपत असतात. निरोगी तोंडातसुद्धा दर मिनिटाला सुमारे ३० हजार पेशी अशा बाहेर पडतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या पेशींची चौकी मात्र हिरडीच्या कडेला असते. चावण्याच्या पृष्ठभागावरील खाचा आणि दोन दातांमधील फट येथे वाढणाऱ्या जीवाणूंच्या थरावर त्यांचा फारसा प्रभाव पडत नाही.

बंद खोलीतील लढाई

पांढऱ्या पेशी आणि कीड यांची खरी गाठ पडते ती दाताच्या गाभ्यात. जीवाणू प्रत्यक्ष पोहोचण्यापूर्वीच त्यांनी सोडलेली द्रव्ये दंतिनातील नलिकांवाटे गाभ्यात उतरू लागतात. तेथील पेशी धोक्याचे संकेत देतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी जमू लागतात. त्याच वेळी गाभ्याच्या कडेला असलेल्या पेशी नव्या दंतिनाचा थर रचून किडीची वाट अडवण्याचा प्रयत्न करतात. कीड सावकाश वाढत असेल आणि वेळीच ती काढून तेथे सिमेंट भरले, तर हा प्रयत्न यशस्वी होतो आणि दात जिवंत राहतो.

जीवाणूंचा शिरकाव थांबला नाही, तर मात्र शरीराचा बचावच त्या दाताच्या मुळावर येतो. शरीरात अन्यत्र दाह झाला तर तो भाग सुजू शकतो. दाताचा गाभा चारही बाजूंनी कठीण भिंतींनी वेढलेला असतो. तेथे सूज यायला जागाच नसते. त्यामुळे आतील दाब वाढतो, असह्य ठणका लागतो आणि रक्तपुरवठा बिघडत जातो. न्यूट्रोफिल पेशी जंतूंना मारण्यासाठी जी विकरे बाहेर टाकतात, त्यांनी आसपासच्या निरोगी ऊतीही विरघळतात. अखेर गाभा मृत होतो.

जीवाणूंची यातील भूमिका १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकन संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगाने स्पष्ट झाली. त्यांनी उंदरांच्या दाढा कोरून आतील गाभा उघडा पाडला. नेहमीच्या वातावरणातील उंदरांमध्ये तो गाभा सडला. जंतुविरहित उंदरांमध्ये मात्र त्याच जखमेवर नव्या दंतिनाचा पूल बांधला गेला. म्हणजे दाताच्या गाभ्यात स्वतःला बरे करण्याची क्षमता आहे. जीवाणूंचा सततचा पुरवठा ती क्षमता निष्फळ करतो.

गाभा मृत झाला, की मज्जातंतूही मरतात आणि ठणका एकाएकी थांबतो. 'गरज सरो, वैद्य मरो' या म्हणीप्रमाणे अनेक जण येथेच दंतवैद्याकडे जाणे रद्द करतात. प्रत्यक्षात या टप्प्यावर दाताच्या आत रक्तपुरवठा उरलेला नसतो. पांढऱ्या पेशींना आत जाण्याची एकमेव वाट बंद झालेली असते आणि जीवाणूंना मृत गाभ्याचे सुरक्षित घर मिळालेले असते.

पू म्हणजे काय?

जीवाणू यानंतर मुळाच्या टोकावरील छिद्रातून जबड्याच्या हाडाकडे सरकतात. तेथे पुन्हा भरपूर रक्तपुरवठा असतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने त्यांना सामोऱ्या जातात. ही लढाई संथपणे चालली, तर मुळाच्या टोकाशी लिम्फोसाइट, मॅक्रोफेज आणि इतर पेशींनी भरलेली एक गाठ तयार होते. तिला जागा करून देण्यासाठी आसपासचे हाड झिजते. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी दिसणारा काळसर गोल डाग हा त्याच झिजलेल्या हाडाचा असतो. अनेकदा रुग्णाला काहीही त्रास नसतो.

लढाई तीव्र झाली, तर गळू होते. त्यातील पू म्हणजे प्रामुख्याने मेलेल्या व मरणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, जीवाणू आणि विरघळलेल्या ऊती यांचे मिश्रण. हिरडीवर पुळी येऊन ती फुटते, ठणका कमी होतो आणि काही दिवसांनी पुन्हा पुळी येते. आतील कारण कायम असल्याचीच ती खूण होय. जबड्याखाली किंवा मानेत अवधाण येते, तेही याच लढाईमुळे. तेथील लसिका ग्रंथींत पांढऱ्या पेशींची संख्या वाढून त्या सुजतात.

रक्ताच्या अहवालात काय दिसते?

केवळ एनॅमल किंवा दंतिनापुरती कीड असेल, तर 'सीबीसी' या नेहमीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींच्या संख्येत फरक पडत नाही. रोगाचे स्थानच रक्ताच्या कक्षेबाहेर असल्याने हे स्वाभाविक आहे. म्हणून अहवाल 'नॉर्मल' आला याचा अर्थ दात निरोगी आहेत, असा होत नाही. मुळाशी असलेल्या जुन्या, शांत गाठीतही ही संख्या बहुधा मर्यादेतच राहते.

गळू वाढून सूज गालावर किंवा मानेत पसरू लागली आणि ताप आला, तर मात्र ही संख्या ११ हजारांच्या वर जाऊ शकते आणि त्यात न्यूट्रोफिलचे प्रमाण वाढलेले दिसते. हिरड्यांच्या दीर्घकालीन आजारातही पांढऱ्या पेशींची संख्या सरासरीपेक्षा किंचित अधिक असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. अर्थात धूम्रपान, गरोदरपण, स्टेरॉइड औषधे, शारीरिक श्रम आणि इतर अवयवांतील जंतुसंसर्ग यांमुळेही ती वाढते. त्यामुळे वाढलेल्या आकड्याचा दोष परस्पर दातांना देऊ नये. दात किडल्याने रक्ताचा कर्करोग होतो, ही भीतीही निराधार आहे.

पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात तेव्हा

पांढऱ्या पेशी दाताभोवती किती काम करतात, हे त्या नसताना अधिक कळते. न्यूट्रोफिलची संख्या १,५०० च्या खाली गेली तर त्या स्थितीला 'न्यूट्रोपेनिया' म्हणतात. संख्या ५०० च्या खाली जाणे ही गंभीर अवस्था मानली जाते. काही बालकांत हा दोष जन्मजात असतो. अशा मुलांच्या तोंडात वारंवार व्रण होतात, हिरड्या सुजतात आणि दातांभोवतीचे हाड लहान वयातच झिजते. 'ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी' या दुर्मिळ आनुवंशिक आजारात तर पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात, पण त्यांना रक्तवाहिनीची भिंत ओलांडून ऊतींत उतरता येत नाही. आकडा मोठा असूनही तेथे पू तयार होत नाही आणि हिरड्यांचा नाश होतो. या पेशींची खरी चौकी हिरडीपाशी आहे, याचा हा आणखी एक पुरावा.

रक्ताच्या कर्करोगाच्या काही तीव्र प्रकारांत हिरड्या सुजणे, त्यांतून सहज रक्त येणे आणि तोंडातील व्रण बरे न होणे ही सुरुवातीची लक्षणे असू शकतात. तेथे पांढऱ्या पेशींची संख्या खूप वाढलेली असली, तरी त्या अपरिपक्व आणि निकामी असतात. हिरड्यांतून रक्त येण्याचे सर्वसाधारण कारण अस्वच्छता हेच आहे. परंतु त्याच्या जोडीला ताप, थकवा आणि अंगावर निळसर डाग असतील, तर रक्त तपासून घेण्यात दिरंगाई करू नये.

कर्करोगावरील केमोथेरपीने पांढऱ्या पेशी तात्पुरत्या घटतात. अशा वेळी एरवी गप्प बसलेली किडलेली दाढ जिवावर बेतू शकते, कारण तिच्या मुळाशी रोखून धरलेल्या जीवाणूंवरील पहारा उठतो. पू होण्यासाठी लागणाऱ्या पेशीच नसल्याने सूज किंवा पुळी दिसेलच असे नाही. कधी कधी केवळ ताप आणि वेदना एवढीच लक्षणे असतात. अशा रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर त्याने तातडीने रुग्णालय गाठावे. याच कारणासाठी केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी दातांची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. दात काढायचा असेल, तर तो उपचारापूर्वी किमान सात ते दहा दिवस आधी काढणे इष्ट असते. न्यूट्रोफिलची संख्या १,००० पेक्षा कमी असताना तातडीचे नसलेले दंतोपचार पुढे ढकलले जातात.

आपल्याकडे मोठ्या संख्येने असलेल्या मधुमेहींनीही सावध राहायला हवे. अनियंत्रित मधुमेहात पांढऱ्या पेशींची संख्या पुरेशी असली, तरी त्यांची कार्यक्षमता घटते. दाताचा संसर्ग लवकर पसरतो आणि त्या संसर्गामुळे रक्तातील साखर आणखी आटोक्याबाहेर जाते.

गोळ्यांनी दाढ का बरी होत नाही?

दाढ दुखू लागली, की औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणण्याची सवय शहरांत सर्रास दिसते. या गोळ्यांचे औषधही रक्तावाटेच प्रवास करते. ज्या कारणाने पांढऱ्या पेशी मृत गाभ्यात पोहोचत नाहीत, त्याच कारणाने औषधही तेथे पोहोचत नाही. आसपासच्या ऊतींतील जीवाणू कमी होतात, सूज ओसरते, पण जीवाणूंचे मूळ ठाणे शाबूत राहते. अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढांना, दंतोपचार उपलब्ध असताना, गाभ्याच्या व मुळाच्या बहुतेक दुखण्यांसाठी अँटिबायोटिक देऊ नयेत, अशी शिफारस अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली केली. ताप येणे, सूज पसरणे किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असणे अशा परिस्थितीत त्यांची गरज असते, तथापि तो निर्णय डॉक्टरांचा.

खरा उपाय म्हणजे पांढऱ्या पेशींना जे करता येत नाही, ते दंतवैद्याच्या हातून करून घेणे. कीड लहान असताना ती कोरून दात भरणे, गाभा बाधित झाल्यास रूट कॅनाल करून मुळाच्या नळ्या साफ करून बंद करणे, गळू असल्यास पू काढून देणे आणि दात वाचण्यासारखा नसल्यास तो काढणे. जीवाणूंचे ठाणे हलले, की मुळाशी जमलेल्या पांढऱ्या पेशी उरलेले काम पूर्ण करतात आणि झिजलेले हाड बहुतेक वेळा काही महिन्यांत पुन्हा भरू लागते.

दुर्लक्षाची किंमत

खालच्या जबड्यातील मागच्या दाढांचा संसर्ग जिभेखालील भागात आणि मानेत पसरला, तर श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला हा आजार आजही जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात २००७ साली एका १२ वर्षांच्या मुलाचा किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूत पसरल्याने मृत्यू झाला. दात काढण्याचा ८० डॉलरचा उपचार वेळेवर न मिळाल्याने हे घडले, अशी चर्चा तेव्हा देशभर झाली आणि गरीब मुलांच्या दंतोपचारांची व्यवस्था त्या राज्याला सुधारावी लागली.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. भारतात २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांत आणि ३५ ते ४४ वयोगटातील सुमारे ८० टक्के व्यक्तींत दातांची कीड आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे दोन अब्ज लोकांच्या कायमच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. खासगी दवाखान्यातील खर्च परवडत नसल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांचा पर्याय उपलब्ध आहे.

हे लक्षात ठेवा

• फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा, त्यांपैकी एकदा झोपण्यापूर्वी, दात घासावेत. एनॅमलवरील सुरुवातीचा पांढरा डाग या टप्प्यावर भरून येऊ शकतो, खड्डा पडल्यावर नाही.
• गोड पदार्थ खाण्याचे प्रमाण जेवढे महत्त्वाचे, तेवढेच दिवसातून किती वेळा खातो हेही महत्त्वाचे.
• ठणका आपोआप थांबला, तरी दात तपासून घ्यावा.
• लवंगेच्या तेलाने वेदना तात्पुरती शमते, कीड जात नाही.
• केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण किंवा हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरली असल्यास आधी दात दाखवून घ्यावेत. मधुमेहींनी नियमित तपासणी करावी.
• गाल किंवा मान सुजणे, ताप, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास यांपैकी काहीही दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे.